काळीची अंडी

“डॉक्टरसाहेब, काळीची अंडी काढून बर्फात ठेवता येतीन का?”

फेब्रुवारीत काकाजींनी फोनवर हे विचारलं तेव्हा मला हसू आलं होतं. मे महिन्यात, पहाटे साडेचारला, मोबाइलच्या उजेडात मी त्याच घोडीचे बीजकोश काढत होतो. आणि ते बर्फात ठेवायची चूक काकाजींची नव्हती, माझी होती.

प्रकरण वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा तालुक्यातलं. मालकाचं आणि गावाचं नाव गाळतो आहे. मी या भागात खासगी पशुवैद्यकी करतो. गाई, म्हशी, बकऱ्या हेच रोजचं काम. घोड्या वर्षाकाठी पंधरा-वीस येतात, त्याही बहुतेक वरातीच्या. तेव्हा घोड्यांच्या तज्ज्ञाचं टिपण म्हणून हे वाचू नका. गावात काम करणाऱ्या डॉक्टरच्या हातून काय सुटलं, एवढंच यात आहे.

घोडी

काळी मारवाडी जातीची. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याण. काकाजींनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून दीड वर्षाची वछेरी असताना आणली. माझ्याकडे केस आली तेव्हा ती 19 वर्षांची होती. काकाजींची सहा एकर शेती, सोयाबीन आणि तूर. पण लग्नसराईत घर चालायचं ते काळीवर. कारंजा, मानोरा, दारव्हा या पट्ट्यात ‘ती काळी घोडी’ म्हटलं की लोकांना पत्ता सांगावा लागत नसे.

तिचं वैशिष्ट्य नाचण्यात नव्हतं, उभं राहण्यात होतं. संदलचा ठेका असो, डीजेची भिंत असो, पायाशी फटाक्यांची लड फुटो, काळी कान हलवायची नाही. घाबरलेल्या नवरदेवापेक्षा घोडी शांत, असं लोक म्हणायचे. काकाजींना हीच गोष्ट पुढच्या पिढीत हवी होती. हा गुण रक्तातला किती आणि काकाजींच्या हाताचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा मी ते त्यांना बोललो नाही, एवढं खरं.

काळी चार वेळा व्याली. दोन शिंगरं विकली गेली, एक धनुर्वातानं गेलं, एक वछेरी दारव्ह्याकडे दिली. शेवटच्या खेपेला, चार वर्षांपूर्वी, शिंगरू अडलं. मी पोचेपर्यंत गावातल्या पाच-सहा जणांनी दोर लावून ते ओढलं होतं. शिंगरू जगलं, पण काळीच्या गर्भाशयाचं तोंड फाटलं. त्यानंतर तीन हंगाम घोडा दाखवूनही ती फळली नव्हती.

फेब्रुवारीतली तपासणी

सोनोग्राफीत गर्भाशयात पाणी दिसलं, सुमारे तीन सेंटिमीटर खोल. भिंतीला गाठोड्यांसारख्या काही सिस्ट. फाटलेलं तोंड ना नीट उघडत होतं ना नीट मिटत होतं, त्यामुळे आतली घाण बाहेर येत नव्हती आणि बाहेरची आत जायला वाट मोकळी होती. बीजकोश मात्र काम करत होते. उजवीकडे 32 मिलिमीटरचा एक फुगा, म्हणजे आत अंडं असलेली पाण्याची पिशवी, डावीकडे लहान-लहान पाच-सहा. मी काकाजींना म्हणालो, “घर पडलंय, पण विहिरीला पाणी आहे.”

काकाजी विहिरीलाच धरून बसले. “मंग पानी काढून ठेवा ना साहेब. दुसऱ्याच्या वावरात सोडू.”

खरं सांगायचं तर या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं होतं. मला ते उलगडून सांगायला तासभर लागला, तोही त्यांच्या गोठ्यात, चहा निवत असताना.

सोपी वाट भ्रूण प्रत्यारोपणाची. चांगल्या घोडीला घोडा लावायचा किंवा कृत्रिम रेतन करायचं, सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय धुवून भ्रूण काढायचा आणि दुसऱ्या, माजाचे दिवस जुळवलेल्या घोडीत सोडायचा. आपल्याकडे हे झालेलं आहे. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या केंद्रात 19 मे 2023 रोजी या पद्धतीनं मारवाडी शिंगरू जन्मलं. त्याचं नाव राज-प्रथम, वजन 23 किलो. पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासूनही तिथं शिंगरू झालं. पण या वाटेवर पहिला आठवडा आईच्याच पोटात काढावा लागतो. घोडीचा भ्रूण साधारण सहाव्या दिवशी बीजनलिकेतून गर्भाशयात उतरतो. काळीच्या गर्भाशयात तो उतरला असता तर पाण्यात, पुवात उतरला असता.

दुसरी वाट गर्भाशयाला वळसा घालून जाते. घोडीला गुंगी देऊन योनीमार्गातून सोनोग्राफीच्या नजरेखाली लांब सुई थेट बीजकोशात घालतात आणि फुग्यांतली अंडी ओढून घेतात. गाईम्हशींत हे आता बऱ्याच ठिकाणी होतं. घोडीत जास्त कष्ट पडतात, कारण तिचं अंडं फुग्याच्या भिंतीला घट्ट चिकटलेलं असतं. प्रत्येक फुगा भरून, सुई फिरवून, पुन्हा रिकामा करावा लागतो, सहा-आठ वेळा. एवढं करून निम्म्याहून थोडी जास्त अंडी हाती येतात.

मग ती अंडी फळवायची. गाईची अंडी आणि वळूचे शुक्राणू एका थेंबात सोडले की काम होतं. घोड्यात हे दशकानुदशकं जमलंच नाही. 1990 च्या सुमारास फ्रान्समध्ये असं एक-दोनदा शिंगरू झालं, पण पुन्हा पुन्हा करता येईल अशी पद्धत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चमूनं 2022 मध्ये दाखवली. म्हणून जगभर घोड्यात इक्सी चालते, म्हणजे एकच शुक्राणू बारीक काचसुईनं अंड्यात टोचायचा. चांगल्या प्रयोगशाळेत टोचलेल्या दर चार-पाच अंड्यांमागे एक भ्रूण सात ते दहा दिवसांत तयार होतो. असा काचेत वाढलेला भ्रूण लहान असतो आणि छान गोठतो.

काकाजी इथं थांबले. “म्हंजे आधी फळवा, मंग गोठवा. अंडं कोरडंच काऊन नाई गोठवत?”

कांडी आणि अंडं

गावात नायट्रोजनचा जार सगळ्यांनी पाहिलेला असतो. गाय माजावर आली की डॉक्टर जारमधून धूर काढत कांडी बाहेर घेतो. म्हणून लोकांना वाटतं, वीर्य गोठतं तसं काहीही गोठतं. मी काकाजींना हिशेब सांगितला. वळूच्या एका कांडीत दोन कोटी शुक्राणू असतात. गोठताना, वितळताना त्यातले निम्मे मेले तरी गाय गाभण राहते. सातआठ दिवसांच्या भ्रूणात शंभर-दोनशे पेशी असतात, दहा-वीस मेल्या तरी तो सावरतो. अंडं ही एकच पेशी. ती गेली की सगळं गेलं.

त्यात घोडीचं अंडं चरबीनं गच्च भरलेलं, सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसणारं. थंडी लागली की पेशीच्या पडद्यातली चरबी थिजते, पडदा फाटतो. पिकलेल्या, म्हणजे फळायला तयार झालेल्या अंड्यात गुणसूत्रं एका नाजूक धाग्यांच्या चौकटीवर रांगेनं लावलेली असतात, ती चौकट थंडीनं विस्कटते. बाहेरचं कवच कडक होतं. अंडं हळूहळू गोठवलं तर आतल्या पाण्याचे स्फटिक सुऱ्यांसारखे चालतात. म्हणून आता काचीकरण करतात, ज्याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. इथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ, साखर अशा दाट द्रावणात अंडं मिनिटभर ठेवायचं, एका पातळ पट्टीवर अगदी टिपूसभर द्रावणासह घ्यायचं आणि थेट उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवायचं. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं थिजतं.

हे घोड्यात जमलेलं आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलं की 26 काचीकृत अंडी त्यांनी घोडींच्या बीजनलिकांत सोडली, तीन गर्भ राहिले, दोन जिवंत शिंगरं झाली. ती अंडी आईच्याच फुग्यात पिकवून काढलेली होती. पुढे बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात कच्ची अंडी गोठवून, नंतर पिकवून, इक्सी करूनही शिंगरू झालं. पण ताज्या अंड्यांशी तुलना केली तर गोठवलेल्यांतून भ्रूण फार कमी निघतात. म्हणून परदेशात मोठमोठ्या घोडीवाल्यांचा शिरस्ता ठरून गेला आहे: अंडं काढा, ताजंच टोचा, भ्रूण झाला की तो गोठवा. अंडं गोठवायचं ते नाइलाज असेल तेव्हा. घोडा ठरला नसेल, शुक्राणू हाताशी नसतील किंवा घोडी मरत असेल तेव्हा.

हे सगळं ऐकून काकाजी म्हणाले, “तं काळीसाठी काय करा?”

मी म्हणालो, “बघू.”

या प्रकरणातली सगळ्यात महाग गोष्ट माझा तो ‘बघू’. घोडीचा माज साधारण 21 दिवसांनी फिरतो. फेब्रुवारी ते मे या काळात असे चार माज हातात होते. बिकानेरला फोन करून विचारायला हवं होतं. घोडी न्यायची झाली तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी, वाहन, खर्च यांचा अंदाज काढायला हवा होता. माझ्या वर्गमित्राची प्रयोगशाळा आहे, त्याला तेव्हाच विचारता आलं असतं. शिवाय काळी 19 वर्षांची. घोडी आपली सगळी अंडी घेऊनच जन्मते आणि पंधरा-सोळा वर्षांनंतर ती अंडी म्हातारी होत जातात, ते काही थांबून राहत नाही. मी लग्नसराई संपू दे म्हणालो. काकाजींनाही तेच सोयीचं होतं, काळीच्या तारखा लागलेल्या होत्या.

मे

त्या आठवड्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास होता. वैरण संपत आलेली, म्हणून काकाजींच्या पोरानं काळीला तीन दिवस हरभऱ्याचं कुटार जास्त टाकलं. वरातीहून आलेली घोडी पाणी कमी प्यायली. आतड्यात कुटाराचा बोळा बसला. दुपारी ती पाय आपटू लागली, पोटाकडे वळून बघू लागली. मला फोन आला तो संध्याकाळी पाचला. नळी घातली, सलाईन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, तेल पाजलं. रात्री अकरापर्यंत वाटलं, सुटेल. मग नाडी चढत गेली, हिरड्या विटकरी झाल्या. पोटाचं ऑपरेशन करू शकेल अशी जागा त्या रात्री गाठणं शक्य नव्हतं. पावणेचारला काळी गेली.

काकाजी तिच्या मानेजवळ बसले होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी मान वर केली. “साहेब, अंडी.”

मेलेल्या घोडीपासून अंडी घेता येतात, हे खरं आहे. जितक्या लवकर बीजकोश काढाल आणि प्रयोगशाळेत पोचवाल तितकं बरं. पहिले काही तास मोलाचे, त्यानंतर दर तासाला आशा कमी होत जाते. मी वर्गमित्राला उठवलं. तो म्हशींच्या भ्रूणांवर काम करतो. तो म्हणाला, आण, पण वचन देत नाही. गाडीनं पाच तास.

पोट उघडून मी दोन्ही बीजकोश काढले, सलाईननं धुतले, सलाईनच्याच पिशवीत घातले. आणि मग ती पिशवी लसींच्या थर्मासमध्ये, बर्फाच्या लाद्यांच्या मधोमध ठेवली. विचार असा केलाच नाही. वीस वर्षं हात एकच गोष्ट शिकला आहे: नासणारी वस्तू म्हणजे बर्फ. बाहेर मे महिना, समोर थर्मास.

घोडीच्या कच्च्या अंड्याची गंमत अशी की ते एक रात्र खोलीच्या तापमानाला छान टिकतं. परदेशात घोडीतून काढलेली अंडी तशीच, न गोठवता, डब्यात घालून रातोरात दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवतात. बीजकोश पाठवायचे तर ओल्या कापडात गुंडाळून, थंडावा द्यायचा पण बर्फ थेट लागू द्यायचा नाही. हे मी वाचलेलं होतं. पण पुस्तकातली खोली 20-22 अंशांची असते. आमच्या खोलीत मे महिन्यात पहाटेही तीस असतात आणि दहा वाजेपर्यंत चाळीस. माठातलं पाणी, त्यात भिजवलेला पंचा आणि गाडीचा एसी, एवढ्यानं काम झालं असतं. माठ गोठ्यातच होता, काळीच्या दावणीपासून दहा पावलांवर.

प्रयोगशाळेत

साडेनऊला पोचलो. मित्रानं थर्मास उघडला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही.

म्हशीच्या बीजकोशाला सिरिंज लावली की फुग्यांतलं पाणी ओढून अंडी मिळतात. त्यानं तसंच केलं, एकही अंडं आलं नाही. घोडीचा बीजकोश उलटा असतो: वरून जाड चिवट कवच, फुगे आत, आणि अंडं बाहेर पडायला एकच खाच. शेवटी त्यानं ब्लेडनं फुगे एकेक करून कापले आणि त्यांच्या भिंती आतून खरवडल्या. दोन तास लागले. सात अंडी मिळाली. दोन आक्रसलेली होती, ती टाकली. पाच पिकायला ठेवली, साधारण तीस तास.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पाचातलं एक पिकलं होतं. पोलर बॉडी, म्हणजे अंडं पिकल्याची खूण, दिसते आहे, म्हणाला. मग त्यानं विचारलं, “काय करू?”

इक्सी करण्याची सोय त्याच्याकडे नव्हती, काळीला लावायचा घोडाही कोणी ठरवलेला नव्हता. एक अंडं, म्हाताऱ्या घोडीचं, मेल्यानंतर काढलेलं, बर्फात राहिलेलं. वितळवल्यावर ते जिवंत निघेल, टोचल्यावर भ्रूण होईल, तो एखाद्या घोडीत रुजेल आणि अकरा महिन्यांनी शिंगरू होईल, या प्रत्येक पायरीवर गळतीच गळती. मला उत्तर माहीत होतं. तरी मी म्हणालो, “गोठव.”

ते शास्त्रासाठी नव्हतं. काकाजींना ‘काही नाही’ सांगण्याचं धाडस त्या दिवशी माझ्यात नव्हतं. मित्रानं पट्टीवर घेऊन ते नायट्रोजनमध्ये टाकलं, चिठ्ठीवर तारीख लिहिली आणि ‘काळी’ लिहिलं. नंतर या निर्णयावर मी पुष्कळ विचार केला. एखाद्या सहकाऱ्यानं मला विचारलं तर मी म्हणेन, करू नका. मालकाला त्याच दिवशी खरं सांगा. कारण त्यानंतर दोन महिने काकाजी दर आठवड्याला फोन करून अंड्याची खुशाली विचारायचे, जणू पोरगी हॉस्टेलला आहे.

“किती वर्षं ऱ्हाईन ते?”

“नायट्रोजन भरत राहिलं तर कितीही.”

“आन् मंग घोडी कवा?”

जुलैत, पेरण्या झाल्यावर, मी त्यांच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. सात, पाच, एक, आणि पुढच्या पायऱ्या. बर्फाचंही सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. रागावले नाहीत, त्याचंच मला जड गेलं. शेवटी म्हणाले, “तुमी रातभर होते नं तिच्यापाशी.”

दारव्ह्याची वछेरी

उठता उठता मी विचारलं, ती दारव्ह्याला दिलेली वछेरी कुठं आहे. हे फेब्रुवारीत विचारायला हवं होतं, पण तेव्हा आम्ही दोघंही विहिरीत डोकावत होतो.

काकाजींनी तोंड वाकडं केलं. तिच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा. आसू गाळणारी, धन्याला रडवणारी, म्हणून दीड वर्षाची असताना पडेल भावात दिलेली. आता ती नऊ वर्षांची होती आणि एका माणसाकडे खत वाहायच्या गाडीला जुंपलेली होती. मी त्यांना म्हणालो, काळीचं अर्धं रक्त त्या वछेरीत आहे, जिवंत, खातंपितं, दर तीन आठवड्यांनी माजावर येणारं. आणि पेशीतला जो भाग फक्त आईकडूनच उतरतो, तो तर पूर्णच आहे. जारमधल्या अंड्यात तरी याहून वेगळं काय आहे?

“भोवऱ्याचं काय?”

“भोवरा केसांचा आहे काकाजी. कुटार पोटाचं होतं.”

बोलून गेल्यावर वाटलं, जरा जास्तच लागेल. पोरगा मागे उभा होता, तो आत निघून गेला.

दिवाळीनंतर काकाजींनी वछेरी परत आणली. सोयाबीनचे पैसे त्यात गेले. गाडीचे वळ पाठीवर होते, खूर वाढलेले होते. महिनाभर नुसतं खाणं आणि खुरांची निगा. डीजेपुढे ती उभी राहते का, हे अजून कोणी पाहिलेलं नाही. एका लग्नात लांब उभी करून पाहिली, तेव्हा कान हलले, पण पाय हलले नाहीत.

या फेब्रुवारीत तिला तपासलं. गर्भाशय स्वच्छ, डाव्या बीजकोशावर 36 मिलिमीटरचा फुगा, माजाचा दुसरा दिवस. दोन दिवसांनी घोडा लावायचा ठरला. या वेळी मी वहीत तारखा लिहिल्या आहेत. पहिला माज घोड्याला, आणि तो फुकट गेला तर बिकानेरला कोणत्या दिवशी फोन करायचा, तेही.

काकाजींनी तिच्यासाठी नवी मोरकी शिवून घेतली आहे. डाव्या गालावर लाल गोंडा, नेमका भोवऱ्यावर येईल असा.